मिश्रीचं बोट

बायकांनी मिश्री सोडावी म्हणून शालूबाई ओव्हाळने अठरा वर्षं तळेगावजवळच्या इंदुरी गावात घसा फोडला, आणि ती अठराही वर्षं ती स्वतः मिश्री लावत होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे तिच्याविषयी बरंच चांगलं सांगायचं आहे, आणि ते ऐकून कुणी तिला साध्वी समजायला नको.

ती अंगणवाडी सेविका होती. तंबाखूविरोधी दिनाला ती गल्लीतल्या बायकांना ओळीत उभं करायची, उजवा हात पुढे करायला लावायची आणि शपथ द्यायची. बायकाही खणखणीत आवाजात शपथ घ्यायच्या. मग चार वाजता त्याच बायका रतनमावशीच्या ओट्यावर जमायच्या. मावशी डबी उघडायची, आणि शपथेसाठी पुढे केलेल्या हाताच्याच बोटाने सगळ्याजणी हिरड्या घासायला लागायच्या. शपथ देणारी बाई त्यांच्या मधोमध बसलेली असायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, असं म्हणायचं खरं, पण त्या ओट्यावर कोरडं कुणीच नसायचं. सगळ्यांची तोंडं भरलेली असायची.

मिश्री म्हणजे तव्यावर काळीशार होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. पण बायकांच्या लेखी ती तंबाखू नव्हेच. तंबाखू खातात ती पुरुषमाणसं. बायका नुसते दात घासतात. दिवसातून चार वेळा, अर्धा अर्धा तास, गप्पा मारत घासतात, इतकंच. बाकीच्यांचं सोडा, पण शालूबाईला हे असं नाही हे पक्कं ठाऊक होतं. अंगणवाडीच्या भिंतीवरचं कुजलेल्या तोंडाचं चित्र तिनेच खिळा मारून टांगलेलं होतं.

तिचं हृदय बिघडलं ते मात्र मिश्रीमुळे नव्हे. बेचाळिसाव्या वर्षी साधा ताप आला, आणि जाताना हृदयाचे स्नायू खिळखिळे करून गेला. आधी पाण्याची कळशी जड झाली, मग दोन पायऱ्या जड झाल्या, मग बोलणंसुद्धा. वर्षभरात ती पाठीला उशा रचून बसल्या बसल्या झोपायला लागली. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, गेणूला, समोर बसवून सांगितलं की औषधांनी होण्यासारखं होतं तेवढं झालं, आता दुसऱ्या कुणाचं हृदय मिळालं तरच. गेणू तळेगावच्या एका कारखान्यात गेटवर वॉचमन. त्याने ऐकून घेतलं, आणि बाहेर आल्यावर बायकोला विचारलं, "चा घेनार का?"

हृदय बसवायचं तर आधी सगळ्या अंगाची झडती. छातीच्या गाठी, गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी, पोट, कातडी, दात, जीभ. शालूबाईला कळेना, दुखणं हृदयाचं आणि ही माणसं कॅन्सर कसला शोधतायत? तेव्हा तिथल्या प्रत्यारोपण समन्वयक अनघा मॅडम खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या.

"शालूताई, नवं हृदय तुमच्या शरीराला परकं. शरीराचे पहारेकरी त्याच्यावर तुटून पडणार. म्हणून त्या पहारेकऱ्यांना जन्मभर गोळ्या देऊन पेंगत ठेवावं लागतं. पण पहारेकरी पेंगले की खऱ्या चोराचंही फावतं. कॅन्सर हा तसला चोर. तो आत्ता कुठे बारीकसा दडून बसला असेल, तर नंतर झपाट्याने वाढेल. आणि तंबाखू म्हणजे आपण होऊन त्याला दार उघडून देणं. तंबाखू, मिश्री, तपकीर, काही आहे का? असेल तर सांगा, मी रागावणार नाही. सहा महिने पूर्ण सोडायची, मग यादीत नाव घालू."

सहा महिने! शालूबाईला पुढच्या सहा आठवड्यांचा भरवसा नव्हता.

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. "मी तर अंगणवाडीत बायकांना शपथ देते."

यातलं दुसरं वाक्य खरं होतं. पहिलं त्याच्या आड उभं राहिलं.

दातांच्या तपासणीला पंधरा दिवस होते. त्या पंधरा दिवसांत तिने मिश्रीला हात लावला नाही, आणि रोज दोन वेळा लिंबाच्या फोडीवर मीठ घेऊन हिरड्या सोलून निघेपर्यंत घासल्या. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा म्हणाली की लहानपणी राखुंडीने दात घासायचो, तेवढेच डाग. लघवीच्या तपासणीतही तंबाखूचं काही निघालं नाही. नाव यादीत गेलं आणि चार महिन्यांनी फोन आला. हृदय कुणाचं ते सांगत नाहीत. अठ्ठावीस वर्षांचा पुरुष, अपघात, एवढंच उडत उडत तिच्या कानावर आलं. भूल उतरल्यावर छातीत ते परकं हृदय असं काही धडधडायला लागलं की तिला आधी वाटलं, शेजारच्या खोलीत कुणीतरी कांडण कांडतंय.

ती वाचली. किल्ल्याच्या बुरजाखालच्या त्यांच्या गल्लीत लोकांनी तिचं स्वागत केलं, विहारात तिच्यासाठी वंदना झाली. आणि मग सुरू झालं ते नियमांचं राज्य. उन्हातून जायचं नाही, कारण गोळ्यांमुळे कातडीचाही कॅन्सर होतो, म्हणून पदरावर मोठी टोपी. गर्दीत जायचं नाही, तोंडावर मास्क. कोशिंबीर नाही, उसाचा रस नाही, कुणाकडचं पाणी नाही. अंगणवाडीतली पोरं बारा महिने शेंबडी, तेव्हा अंगणवाडीही सुटली. वर्षाला कातडीची तपासणी, सहा महिन्याला तोंडाची. मुलगी स्नेहल लोणावळ्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनला होती, लग्न होऊन तिकडेच राहायची. ती फोनवरून आईच्या सगळ्या पथ्यांची उजळणी घ्यायची.

सगळे तिला जपायचे, आणि जपता जपता लांब झाले. ओट्यावर ती गेली की बायका सावरून बसायच्या, खोकला आला तर उठून जायच्या. तिच्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची चार हातांवर ठेवलेली असायची. तिच्यासमोर कुणी भांडायचं नाही, कुणाच्या सासूची नक्कल करायचं नाही. देवाघरून परत आलेल्या माणसापुढे चहाड्या कशा करायच्या?

दीड वर्ष तिने हे सोसलं. मग एका दुपारी रतनमावशीने तवा खाली उतरवला, ताज्या मिश्रीचा खमंग, नाकात झोंबणारा वास गल्लीभर झाला, आणि शालूबाईने खुर्ची ओढत ओढत ओट्याला भिडवली. मास्क हनुवटीवर घेतला आणि तळहात पुढे केला.

"तुला चालतंय का गं?" रतनमावशीने विचारलं.

"दात शिवशिवत्यात मावशी. चिमूटभर द्या."

"चिमटीनं काय हुतंय," म्हणत मावशीने हातावर मिश्री ठेवली. म्हातारी पन्नास वर्षं लावत होती आणि ठणठणीत होती. तिचा काय दोष? शालूबाईने बोट बुडवून हिरड्यांवर फिरवलं. डोकं गरगरलं, तोंडाला पाणी सुटलं. शेजारची बाई तिच्याकडे सरकून म्हणाली, "तुला सांगते शालू, आमच्या सासूनं काल काय केलं." त्या अर्ध्या तासात ती रुग्ण नव्हती. घरी जाऊन तिने पाच चुळा भरल्या, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता परत गेली.

लाज वाटत नव्हती असं नाही. पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना ती पहिली तीन शीलं मोठ्याने म्हणायची. चौथं खोटं न बोलण्याचं, पाचवं नशा न करण्याचं. तिथे तिचा आवाज आपोआप खाली जायचा. एकदा शेजारच्या बाईने विचारलं, "दम लागतो का गं?" तिने मान डोलावली. नव्या हृदयाला दम कशाला लागतोय! पण तेही खोटं खपून गेलं.

आता खरं तर झाकली मूठ घेऊन गुपचूप राहायचं. पण तिच्या नशिबात ते नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात लोणावळ्याच्या एका शाळेच्या हॉलमध्ये अवयवदानाचा कार्यक्रम झाला. तो स्नेहलच्या हॉटेलवाल्यांनी भरवला होता, आणि अर्थात तिची आई त्यात पाहुणी होती. शालूबाई व्यासपीठावर बसली, मास्क लावून बोलली. "दुसऱ्याच्या लेकराचं काळीज माझ्याकडं ठेवायला दिलंय. मी ते कसं ठेवलंय, तेवढंच माझं सांगनं," असं ती म्हणाली. हॉल उभा राहिला. स्नेहलने व्हिडिओ काढला. शालूबाईला त्या टाळ्या ऐकवेनात, पण खाली उतरून पळून जावं एवढं धाडस काही तिच्यात नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर एक चौतिशीचा माणूस तिला भेटायला आला. चार पावलं चालून धापा टाकत होता. सुरज केदारी, पर्यटकांना पॉइंट दाखवणारी टॅक्सी चालवायचा, आता गाडी घरी उभी. बरोबर बायको आणि सात वर्षांची मुलगी.

"ताई, मला बी हृदयच सांगितलंय," तो म्हणाला. "अनघा मॅडमनी गुटख्याचं इचारलं. म्या खरं सांगितलं, रोज पंदरा पुड्या. म्हनल्या, सा महिने सोड, मग यादीत घेते. तोवर टिकायचं बगा. तुमाला सोडायला लय जड गेलं असंल न्हाई?"

शालूबाईला तिथेच धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. हा गडी खरं बोलून बाहेर थांबला होता, आणि ती खोटं बोलून आत जाऊन आली होती. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तलफ आली की मला फोन करत जा."

आणि तो करायला लागला. रोज संध्याकाळी, सातच्या सुमाराला. "ताई, आज बारावा दिवस." "ताई, आज चाळीसावा." ती त्याला लवंग चघळायला सांगायची, मुलीशी पत्ते खेळायला सांगायची. अठरा वर्षांच्या भाषणांतलं जे जे आठवेल ते सांगायची, आणि त्यातलं बरंचसं त्याच्या उपयोगी पडलंही. कधी कधी फोन येई तेव्हा तिच्या ओठात मिश्री असायची. मग ती जीभ जड झाल्यासारखं बोलायची.

"ताई, आवाज असा का येतोय?"

"दाढ दुखतीया."

"मग दावा की डाक्टरला. आपल्यासारख्यानं तोंडाकडं दुर्लक्ष करायचं न्हाई. मॅडमनी मला बजावलंय."

तोंडात खरंच काहीतरी होतं. डाव्या गालाच्या आत, जिथे मिश्री साचायची तिथेच, एक पांढरा चट्टा. आधी वाटलं गरम चहाने भाजलं. मग तो खरखरीत झाला, आणि मधोमध एक लाल चीर पडली. जिभेचं टोक सारखं तिथे जायचं. सहामाही तपासणीची तारीख जवळ आली, तेव्हा तिने ताप आल्याचं कळवून ती महिनाभर पुढे ढकलली. चोराच्या मनात चांदणं. गेणू समोर बसला की ती डाव्या बाजूला घास न्यायची नाही, आणि तो बघत नाही ना, हे बघायची. चट्टा दाखवला तर विचारणार, हे कशाने झालं? आणि ते सांगायचं तर मागचंही सगळं निघणार. मेलेलं परवडलं, पण अनघा मॅडमच्या समोर ते निघायला नको, असं तिला खरोखर वाटायचं. माणूस मरणापेक्षा फजितीला भितो, त्यातलीच ती.

श्रावण संपताना एकदा सुरजचा फोन आला. नेहमीसारखा दिवसाचा आकडा त्याने सांगितला नाही.

"ताई, घान झाली."

"काय झालं?"

"चुलतभावाकडं साखरपुड्याला गेलतो. कुनीतरी पुडी पुडं केली. हात गेला. लगीच थुकली, पन खाल्ली ती खाल्लीच." तो धापा टाकत होता, बहुतेक रडतही होता. "येकशे येक्केचाळीस दिवस झालते, ताई. आता सांगितलं तर परत पयल्यापासनं. डाक्टर म्हनत्यात, काळजाचा पंप पंदरा टक्क्यावर आलाय. न्हाई सांगितलं तर कुनाला कळनार हाय? तुमीच बोला. तुमी म्हनाल तसं करतो."

शालूबाईच्या ओठात त्या वेळी मिश्री होती.

सांगू नकोस, असं म्हणणं सोपं होतं. तिने स्वतः तेच केलं होतं आणि त्यावरच ती जगत होती. सांग, असं म्हणायचं तर कुठल्या तोंडाने? ती मोरीत गेली, थुंकली, चूळ भरली. फोन कानालाच होता.

"सुरज, आधी माझं ऐक. मग मला इचारायचं का न्हाई ते तू ठरव."

तिने सगळं सांगितलं. लिंबू आणि मीठ, राखुंडीची थाप, रतनमावशीचा ओटा, त्याच्याशी बोलताना ओठात असलेली मिश्री, दुखत नसलेली दाढ, गालातला चट्टा. सांगताना मध्ये ती कुठेही रडली नाही. रडून थोडी दया मिळाली असती, आणि ती तिला नको होती. सगळं ऐकून तो म्हणाला,

"आमच्या पोरीनं तुमचा फोटू भिंतीला लावलाय, ताई."

आणि फोन बंद झाला. नंतर तिने तीनदा लावला, त्याने उचलला नाही.

दोन दिवस तिने कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेणूला म्हणाली, "अवो, दवाखान्यात जायचंय."

"तारीख तर म्होरल्या महिन्यात हाय."

"तोंडात काय तरी झालंय."

गेणूने तिच्याकडे एकदा पाहिलं. काय झालंय, कधीपासून झालंय, काही विचारलं नाही. खुंटीवरची मोटरसायकलची किल्ली घेतली. घोरावाडी स्टेशनवरून त्यांनी दुपारची रिकामी लोकल धरली. पुण्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि तो आपल्या चपलांकडे.

अनघा मॅडम तिला बघून उठून उभ्याच राहिल्या.

"बरं झालं आलात, शालूताई! मी तुम्हाला फोन करणारच होते. ते लोणावळ्याचे सुरज केदारी काल येऊन गेले. एकदा गुटखा खाल्ला म्हणून स्वतः होऊन सांगितलं. तपासणीत आलंसुद्धा नसतं हो ते! आता त्यांचे सहा महिने पुन्हा पहिल्यापासून, कसे निघणार मला माहीत नाही. मी म्हटलं, तुम्हाला सांगायला कुणी सुचवलं? तर म्हणाले, एक ताई आहेत, त्या म्हणाल्या खरं बोल. नाव काही सांगेनात. पण मी ओळखलं. तुम्हीच ना त्या?"

शालूबाईने त्याला असं काहीही सांगितलं नव्हतं. खरं बोल हे दोन शब्द तिच्या तोंडून निघालेच नव्हते. त्याने ते आपल्या पदरचे घालून तिच्या नावावर केले होते, आणि तिचं नावही झाकलं होतं. आजवर तिला खूप वेळा लाज वाटली होती, पण ती सगळी या लाजेपुढे काहीच नव्हती. तिने मास्क काढला, बोटाने डावा गाल बाहेर ओढला आणि तशीच उभी राहिली.

अनघा मॅडमनी टॉर्च घेऊन पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"हे किती दिवस आहे?"

"तीन महिनं. मिश्रीनं झालंय. मी तवा बी लावत व्हते, मॅडम. तुमी इचारलं तवा मी खोटं बोलले."

मग तिने सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं तिला वाटलं होतं, ते मुळीच गेलं नाही. गेणू दाराशी स्टुलावर बसला होता, टोपी गुडघ्यावर घेऊन. अनघा मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मॅडम, तवा मी खरं सांगितलं असतं, तर हे हृदय कुनाला मिळालं असतं?"

"ते मला सांगता येत नाही."

"पन कुनीतरी व्हतं?"

अनघा मॅडमनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. "ते फुकट गेलं नसतं, शालूताई," त्या म्हणाल्या. मग नेहमीच्या आवाजात, "आज आलात ते मात्र चांगलं केलंत. चला, तुकडा काढून घेऊ."

तुकड्याचा निकाल नवव्या दिवशी आला. कॅन्सरच होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, मानेत उतरलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, आजूबाजूच्या मांसासकट कापून काढू, गाल जरा ओढल्यासारखा दिसेल, पण महिनाभर उशीर केला असता तर ही भाषाच वेगळी असती. आणि पहारेकऱ्यांना पेंग आणणाऱ्या गोळ्या आता कमी कराव्या लागणार, बदलाव्या लागणार. त्या फार कमी केल्या तर हृदय रुसेल, फार ठेवल्या तर कॅन्सर पुन्हा डोकं काढील. इकडे आड, तिकडे विहीर. मधल्या वाटेने जपून चालायचं, दर महिन्याला यायचं. शालूबाईने मान डोलावली. जगायची वाट आहे, हे तिला कळलं. पण त्याचा आनंद आपण करावा की नाही, ते कळेना.

त्या नऊ दिवसांत गेणू तिच्याशी कामापुरतंच बोलला होता. वाढलेलं जेवला, ड्युटीला गेला, आला. ती समजून होती. सव्वीस वर्षांच्या संसारात बायकोने आपल्यालाही फसवलं म्हटल्यावर कुठला नवरा बोलेल? ती त्याच्यासमोर ताट ठेवायची आणि आत निघून यायची. त्याच्या तोंडाकडे बघायची हिंमत होत नव्हती.

निकाल घेऊन दोघं घोरावाडीला उतरले. उन्हं कलली होती. ती मोटरसायकलकडे चालायला लागली, तर गेणू फलाटावरच्या बाकावर बसला.

"बस जरा," तो म्हणाला.

ती थोडं अंतर ठेवून बसली.

"तुला वाटत असंल, मी तुज्यावर रुसलोय."

"रुसा की. तुमचा हक्कच हाय."

"मला ठावं व्हतं."

"काय?"

"समदं. लिंबू-मीठ बी ठावं व्हतं, रतनमावशीची डबी बी. अगं, सव्वीस वर्सं शेजारी झोपतोय. मिश्रीचा वास येत न्हाई व्हय मला?"

शालूबाई त्याच्याकडे वळली. "मग बोलला का न्हाईत? परत लावाय लागले तवा तरी?"

"तवा तू हसाय लागलीवतीस. ऑपरेशन झाल्यापास्नं पयल्यांदा. वट्ट्यावरनं आलीस की घरात बोलायचीस. म्हनलं, असू दे, येवडंशानं काय हुतंय." त्याने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आनि त्याच्या आदी, मॅडमनी मला येगळं बसवून इचारलेलं. तुला म्हाईत न्हाई ते. म्हनल्या, पेशंट घाबरून खोटं बोलत्यात, म्हनून घरच्या मानसाला इचारतो, तुमच्यावर इस्वास हाय. बायकू तंबाकू लावत न्हाई, असा कागद पुडं केला. मी सही केली."

"माज्यासाटी केलीत ना."

"व्हय, तुज्यासाटीच. पन शालू, तू खोटं बोललीस ती मरायला टेकलीवतीस म्हनून. मी तर धडधाकट व्हतो."

तो तोंडावर रुमाल धरून रडायला लागला. पन्नाशी उलटलेला माणूस, अंगात वॉचमनचा निळा शर्ट, आणि खांदे गदागदा हलत होते. फलाटावर चार-सहा माणसं होती, ती वळून बघायला लागली. शालूबाईने त्याला गप्प केलं नाही. ती मधलं अंतर सोडून त्याच्याजवळ सरकून बसली आणि तोंडावरचा मास्क खाली ओढला. बघू देत लोक, तिला वाटलं. इतके दिवस कुणाला बघू दिलं नाही, म्हणून तर हे झालं.